द्राक्षवेल म्हटली आणि दावा गेला: रोमन कायदा मुळापासून वाचताना

तालुका_कोर्ट
नमस्कार मंडळी,

गेलं दीड वर्ष रोज रात्री जेवणानंतर तासभर प्राचीन रोमन कायदा वाचतोय. मी तालुक्याच्या ठिकाणी दिवाणी वकिली करतो. कॉलेजात असताना न्यायशास्त्राच्या पेपरात या विषयाची एक टीप असायची: बारा तक्ते (रोमचा जुना लेखी कायदा), जस्टिनियन (तो कायदा संकलित करून घेणारा सहाव्या शतकातला सम्राट), युरोपवरचा प्रभाव. पाच मार्क मिळाले की विषय संपला. आता मूळ मजकुराची भाषांतरं शेजारी ठेवून सावकाश वाचायला घेतल्यावर कळतंय की त्या टिपेत पायाच नव्हता, फक्त कळस होता. इथे कायद्याची, इतिहासाची आवड असलेले बरेच जण आहेत, म्हणून धागा काढतोय.

ज्या गोष्टीने मला खेचून घेतलं ती आधी सांगतो. गायस नावाचा एक शिक्षक इ.स. १६१ च्या सुमारास विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहितो. त्याचं पूर्ण नाव आज कुणालाच माहीत नाही. गायस हे नुसतं हाक मारायचं नाव, आपल्याकडच्या 'गणपत'सारखं. त्याच्या चौथ्या भागात एक छोटा प्रसंग येतो. एका माणसाच्या द्राक्षाच्या वेली कुणीतरी तोडल्या. त्याने दावा केला, आणि दाव्याचे शब्द उच्चारताना 'वेली' म्हणाला. दावा गेला. का? तर बारा तक्त्यांतल्या ज्या कलमावर त्याचा दावा उभा होता, त्यात शब्द होता 'झाडं'. त्याने 'माझी झाडं तोडली' म्हणायला हवं होतं.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तसाच बसलो. मागच्या वर्षी माझ्याच एका दाव्यात टायपिंगमध्ये गट नंबर चुकला होता, ४१२ चा ४२१ झाला. ऑर्डर ६ रूल १७ खाली दुरुस्तीचा अर्ज दिला, समोरच्यांनी हरकत घेतली, कोर्टाने थोडा खर्च बसवून अर्ज मंजूर केला. दोन तारखा गेल्या, पण अशिलाची जमीन वाचली. त्या वेलीवाल्याला अशी सोय नव्हती. तोंडातून शब्द गेला की गेला.

तर माझं म्हणणं असं: रोमन कायद्याचा पाया हक्कांत शोधू नये, दाव्यात शोधावा. 'माझा हक्क काय?' असा प्रश्न जुना रोमन माणूस विचारतच नाही. 'माझ्याकडे कोणता दावा आहे, आणि तो कोणत्या शब्दांत मांडायचा?' हा त्याचा प्रश्न. हे एकदा मनात बसलं की बाकीचं सगळं आपोआप जागेवर येतं.

बारा तक्तेच बघा. इ.स.पू. ४५१ मध्ये दहा जणांचं मंडळ नेमून दहा तक्ते लिहिले गेले, पुढच्या वर्षी आणखी दोन. मूळ तक्ते राहिले नाहीत, नंतरच्या लेखकांनी उद्धृत केलेले तुकडे तेवढे आपल्यापर्यंत आले. पण पहिल्या तक्त्याची सुरुवात कशाने होते? माणसाच्या हक्कांनी नाही, मालमत्तेनेही नाही. समन्सने होते. 'सी इन यूस व्होकात, ईतो.' कोर्टात बोलावलं तर जा. नाही गेला तर साक्षीदार कर, मग धर. प्रतिवादी आजारी किंवा म्हातारा असेल तर त्याला वाहनाचं जनावर द्यावं, पण गाद्या घातलेली गाडी द्यायची सक्ती नाही. दुपारपर्यंत एक पक्ष आला नाही तर हजर असलेल्याच्या बाजूने निकाल. सूर्य मावळला की कामकाज बंद. अडीच हजार वर्षांपूर्वीचा एकतर्फी हुकूम! मी हे आमच्या बाररूममध्ये वाचून दाखवलं तेव्हा सगळे उठून जवळ आले.

आता गायसनेच वर्णन केलेला एक दावा बघू. जुन्या पद्धतीत एखाद्या गुलामाच्या मालकीवरून वाद असेल तर त्या गुलामालाच प्रेटरपुढे, म्हणजे न्यायदानाच्या अधिकाऱ्यापुढे, उभा करत. वादीच्या हातात एक काडी. तो गुलामाला धरतो आणि म्हणतो, 'हा माणूस रोमन नागरिकांच्या कायद्याने माझा आहे,' आणि काडी त्याच्या अंगावर टेकवतो. प्रतिवादीही तसाच धरतो, तेच शब्द म्हणतो, आपली काडी टेकवतो. मग प्रेटर म्हणतो, 'दोघंही सोडा त्याला.' यानंतर दोघं पैज लावतात: वस्तू हजार आस (तांब्याची नाणी) किंवा जास्त किमतीची असेल तर पाचशेची, कमी असेल तर पन्नासची. हरणाऱ्याची पैज सरकारजमा. न्यायाधीश वरवर फक्त एवढंच ठरवतो की कुणाची पैज खरी. काडी का, तर गायस म्हणतो ती भाल्याच्या जागी आहे, कारण शत्रूकडून जिंकून आणलेलं तेच सर्वांत पक्कं आपलं असं जुने लोक मानत. आणि वाद जमिनीचा असेल तर? शेतातलं एक ढेकूळ आणायचं. घराचा असेल तर एक कौल. कळपाचा असेल तर एखादी मेंढी किंवा तिच्या अंगावरची लोकर.

ते ढेकूळ माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. आमच्याकडे सात-बारा आणतात, तिथे मातीच आणत होते.

असा काटेकोरपणा आला कुठून? सुरुवातीला दाव्याचे नेमके शब्द आणि कोणत्या दिवशी कोर्ट चालतं हे पुरोहितमंडळालाच ठाऊक असे. इ.स.पू. ३०४ च्या सुमारास ग्नेउस फ्लाव्हिउस नावाच्या कारकुनाने, ज्याचा बाप गुलामगिरीतून सुटलेला होता, ते शब्द आणि ते दिनदर्शक लोकांसाठी उघड केलं. मला हा माणूस फार मोठा वाटतो. कायदा माहीत असणं आणि दावा लावता येणं यांतलं अंतर त्याने बुजवलं.

पुढे ही जुनी पद्धत लोकांना नकोशी झाली. गायस स्पष्ट लिहितो की पूर्वजांच्या अतिसूक्ष्मपणामुळे तिच्याबद्दल तिटकारा आला, कारण जराशी चूक झाली तरी माणूस दावा हरायचा. मग आली लेखी सूत्राची पद्धत, फॉर्म्युला. प्रेटर दोन्ही बाजू ऐकून एका वाक्यात वाद लिहून देई आणि तो कागद एका खासगी नागरिकाकडे, म्हणजे त्या खटल्यापुरत्या न्यायाधीशाकडे जाई: 'अमुक न्यायाधीश असो. नुमेरिउस नेगिदिउसने औलुस आगेरिउसला दहा हजार सेस्टर्स (रोमन नाणी) द्यायला हवेत असं दिसलं तर न्यायाधीशाने त्याला तेवढ्याची शिक्षा द्यावी. तसं न दिसलं तर सोडून द्यावं.' ही दोन्ही नावं नमुन्याची. आगेरिउस म्हणजे दावा करणारा, नेगिदिउस म्हणजे नाकारणारा.

दिवाणी कोर्टात मुद्दे काढताना आपण जे करतो त्याचंच हे जुनं रूप वाटतं. मोठमोठे सिद्धांत या एका वाक्याच्या फटींतून वाढले. प्रेटरला कायदा करायचा अधिकार नव्हता. पण तो दावा देऊ शकत होता, नाकारू शकत होता, प्रतिवादीच्या बाजूने 'फसवणूक झाली नसेल तर' अशी अट वाक्यात घालू शकत होता. वर्षाच्या सुरुवातीला तो आपला जाहीरनामा पांढऱ्या फळ्यावर लिहून लावी. पुढचा प्रेटर त्यातलं बरंच उचलून पुढे नेई. असा शेकडो वर्षं साचत गेलेला जाहीरनामा शेवटी सम्राट हेड्रियनच्या काळात युलियानुस या कायदेपंडिताने कायमचा पक्का केला.

म्हणून नव्याने वाचणाऱ्याला माझा सल्ला: गायसचं पुस्तक घ्या, आणि पहिल्या पानापासून सुरू करू नका. चौथा भाग आधी वाचा, दाव्यांचा. मग तिसरा, देण्याघेण्याच्या बंधनांचा. मग बारा तक्त्यांचे तुकडे. जस्टिनियन सगळ्यात शेवटी. तुमचे अनुभव, हरकती, दुरुस्त्या सगळं लिहा.

दुसरे_वर्ष
सर, खूप छान लिहिलंय. मी तीन वर्षांच्या एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, छत्रपती संभाजीनगरला. आम्हाला लॅटिन वचनं पाठ करायला लावतात: कॅव्हिएट एम्प्टॉर, रेस इप्सा लॉक्विटर, व्होलेंटी नॉन फिट इंजुरिया. मला वाटायचं हाच रोमन कायदा. ही पाठ असतील तर पाया झाला असं धरून चालेल का?

खडूफळा
@दुसरे_वर्ष, नाही धरता येणार, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. मी विधी महाविद्यालयात बावीस वर्षं शिकवलं, तिथेही दरवर्षी हेच समजावून सांगत आलो. लॅटिनमध्ये आहे म्हणून ते रोमन असेलच असं नाही. इंग्लिश वकीलही शतकानुशतकं लॅटिनमध्ये वचनं रचत होते.

कॅव्हिएट एम्प्टॉर, म्हणजे 'खरेदीदाराने सावध असावं', हे तर रोमन बाजाराच्या नियमाच्या जवळजवळ उलट आहे. रोममध्ये बाजारावर देखरेख करणारे एडिल नावाचे अधिकारी होते. त्यांच्या जाहीरनाम्यानुसार गुलाम किंवा जनावर विकणाऱ्याला त्याचे रोग आणि दोष आधीच सांगावे लागत. गुलाम पळून जाणारा आहे का, भटक्या आहे का, हेसुद्धा. नाही सांगितलं तर सहा महिन्यांत सौदा मोडता येई, वर्षाच्या आत किंमत कमी करून घेता येई. विकणाऱ्याला दोष ठाऊक नव्हता हा बचाव चालत नसे. गावच्या बाजारात बैल घेताना आपण विचारतो ना, 'काही खोड आहे का?', तोच प्रश्न. फक्त तिथे उत्तर देणं विकणाऱ्याचं कर्तव्य होतं.

'रेस इप्सा लॉक्विटर', म्हणजे 'गोष्ट स्वतःच बोलते', हे शब्द सिसेरोच्या भाषणात सापडतात, पण पुराव्याचा नियम म्हणून ते १८६३ च्या एका इंग्लिश खटल्यातून रुजले. गोदामाच्या खिडकीतून पिठाचं पिंप डोक्यावर पडलं होतं. तिसऱ्या वचनाला मात्र रोमन मूळ आहे. उल्पियन या रोमन कायदेपंडिताचं वाक्य आहे की राजी असलेल्यावर अन्याय होत नाही. तेव्हा प्रत्येक वचन घ्या आणि विचारा, हे कुठल्या खटल्यातून आलं? तो अभ्यास पाठांतराच्या दसपट उपयोगी.

रानजाई
मी कायद्याची नाही, इतिहासाची विद्यार्थिनी. धागा आवडला. पण बारा तक्त्यांबद्दल लिहिताना तिसरा तक्ता सोडून कसं चालेल? कर्ज कबूल झालं की तीस दिवसांची मुदत. मग सावकार धरून नेतो. पंधरा पौंडांच्या बेड्या. स्वतःचं खाणं परवडत नसेल तर सावकाराने रोज पौंडभर धान्य द्यायचं. साठ दिवस असं डांबून ठेवायचं, आणि त्या काळात लागोपाठ तीन बाजारांच्या दिवशी त्याला सगळ्यांसमोर आणून कर्ज किती ते पुकारायचं. कुणी सोडवलं नाही तर मृत्यू, नाहीतर टायबर नदीपलीकडे विक्री. सावकार अनेक असतील तर 'तुकडे करावेत'.

हाही पायाच आहे. कायदा लिहून मिळाला म्हणून सामान्य लोकांचा विजय झाला असं आपण शिकतो. पण लिहून काय मिळालं? अकराव्या तक्त्यात पॅट्रिशियन (उमराव घराणी) आणि प्लेबियन (सामान्य लोक) यांच्या लग्नाला बंदी होती. ती इ.स.पू. ४४५ मध्ये कानुलेउसच्या कायद्याने उठली, म्हणजे पाच वर्षांतच.

तालुका_कोर्ट
@रानजाई ताई, अगदी बरोबर, हे मी लिहायला हवं होतं. 'तुकडे' हे शरीराचे की मालमत्तेचे यावर प्राचीन काळापासून वाद आहे. गेलिउस हा रोमन लेखक शरीराचेच धरतो, पण असं प्रत्यक्ष कुणाचं केल्याचं आपण ऐकलंही नाही, वाचलंही नाही असंही सांगतो.

तरीसुद्धा लिहिलेल्या कायद्याच्या बाजूने एक म्हणेन. तीस दिवस म्हणजे तीस दिवस, पंधरा पौंड म्हणजे पंधरा. त्याआधी ही मुदत आणि हे वजन कुणाच्या मर्जीवर असेल याचा विचार करा. क्रूर कायद्यालाही आकडा लागला की त्या आकड्याशी भांडता येतं. आणि लोक भांडलेच. रोमन इतिहासकार लिव्हीच्या हिशोबाने इ.स.पू. ३२६ च्या पोएतेलिअन कायद्याने कर्जापोटी माणसाचं शरीर बांधून घेण्याची जुनी रीत संपवली. एका तरुण कर्जदाराचे हाल बघून लोक रस्त्यावर आले होते असं तो लिहितो.

नाव_नंतर
पुढील भागाच्या प्रतीक्षेत. आकड्यांवरून आठवलं, तो थप्पड मारत फिरणारा श्रीमंत याच काळातला ना?

खडूफळा
हो, लुकिउस व्हेरातिउस. बारा तक्त्यांत साध्या अपमानाला, मारहाणीला दंड होता पंचवीस आस. हाड मोडलं तर स्वतंत्र माणसासाठी तीनशे, गुलामासाठी दीडशे. पुढे नाण्याची किंमत घसरली आणि पंचवीस आस म्हणजे काहीच उरलं नाही. गेलिउस सांगतो की हा व्हेरातिउस चालता चालता लोकांच्या तोंडात मारायचा आणि मागून पैशांची पिशवी घेतलेला गुलाम जागच्या जागी पंचवीस आस मोजायचा. त्यामुळे प्रेटरांनी ठरलेला दंड सोडून दिला आणि नुकसान किती हे ठरवायला न्यायाधीश नेमायला सुरुवात केली. धागाकर्त्याचा मुद्दा इथे पुन्हा दिसतो: कायदा बदलला नाही, दावा बदलला.

मांडवीकाठ
गोव्याहून लिहितोय. आमच्याकडे हा विषय पुस्तकातला राहत नाही. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली आणि मुक्तीनंतरही तिचा कौटुंबिक भाग चालू राहिला. वारसाहक्काचा भाग आता २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्यात आलाय. आजोबा गेले तेव्हा आम्ही भावंडं आणि चुलते इन्व्हेंटरीसाठी कोर्टात बसलो होतो. घर, बागायत, आजीचे दागिने, सगळ्याची यादी. वारसांनी आपसांत बोली लावायची. धाकट्या काकांनी विहिरीजवळचा तुकडा बोलीत घेतला, कारण तिथे त्यांनी लावलेला माड होता.

तेव्हा वकिलांनी सांगितलं की मृत्युपत्र केलं तरी निम्म्या हिश्शाला हात लावता येत नाही, तो मुलांसाठी राखीव. त्याला लेजितिमा म्हणतात. हे रोमन आहे का?

खडूफळा
शब्द आणि कल्पना दोन्ही रोमन. जुन्या रोमन बापाला मृत्युपत्राने मुलाला वारसातून काढता येई, फक्त ते रीतसर लिहावं लागे. प्रजासत्ताकाच्या शेवटाकडे अशा मुलांना एक तक्रार मिळाली. तिचा आधार असा की धडधाकट मनाचा बाप असं मृत्युपत्र करणारच नाही. बाप खरोखर वेडा होता असं कुणी म्हणत नसे, ते फक्त कायदेशीर वेष्टन. नियमाने मिळाला असता त्या हिश्शाचा चौथा भाग दिला असेल तर तक्रार चालत नसे. जस्टिनियनने ५३६ मध्ये तो वाढवला: चार मुलांपर्यंत तिसरा हिस्सा, त्याहून जास्त मुलं असतील तर निम्मा. तुमचा राखीव निम्मा या वंशातला.

गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता लग्नापासून सामाईक होते, ते मात्र रोमन नाही. रोमन कायद्यात दोघांची मालमत्ता वेगळी, आणि हुंड्याचे स्वतंत्र नियम. एकाच संहितेत दोन निरनिराळ्या परंपरा शेजारी नांदतात.

मांडवीकाठ
धन्यवाद सर. आजीचे दागिने मोजताना आमच्यासोबत रोमन मुलंही बसली होती असं आता वाटतंय.

तालुका_कोर्ट
आता एक खटला सगळ्यांसमोर ठेवतो. डायजेस्ट म्हणजे जस्टिनियनने करवून घेतलेलं जुन्या कायदेपंडितांच्या उताऱ्यांचं संकलन. त्याच्या नवव्या पुस्तकात उल्पियन हा प्रश्न देतो. काही जण चेंडू खेळत होते. एकाने जोरात मारला, चेंडू रस्त्यावर दाढी करत असलेल्या न्हाव्याच्या हातावर आदळला आणि वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्यावरून फिरला. गिऱ्हाईक कुणाचा तरी गुलाम होता, तो मेला. अक्विलिअन कायद्याप्रमाणे गुलाम मारला गेला तर मागच्या वर्षभरातली त्याची सर्वांत जास्त किंमत मालकाला द्यावी लागते. कुणी द्यायची?

दुसरे_वर्ष
चेंडू मारणाऱ्याने. त्याच्या कृतीतूनच सगळं घडलं.

नाव_नंतर
खेळणारे रोजच्या जागी खेळत असतील तर त्यांचा दोष कसा? मैदानाच्या कडेला खुर्ची टाकणाऱ्याने विचार करायला हवा होता.

रानजाई
आणि ज्याने तिथे बसून गळा पुढे केला त्याचं काय? पण तो गुलाम. त्याला मालकाने पाठवलं असेल तर तो 'नाही' म्हणणार कसा?

तालुका_कोर्ट
तुम्ही तिघांनी मिळून जवळजवळ पूर्ण उतारा लिहिलात. ज्याची चूक त्याची जबाबदारी, हे आधी येतं. प्रोकुलुस हा आधीचा कायदेपंडित म्हणतो न्हाव्याची चूक. उल्पियन त्याला जोड देतो: तिथे नेहमी खेळ चालत असेल किंवा वर्दळ असेल तर न्हाव्याला दोष देता येईल. आणि मग म्हणतो, धोक्याच्या जागी खुर्ची टाकलेल्या न्हाव्याच्या हाती जो स्वतःला देतो त्याने स्वतःलाच दोष द्यावा, हेही काही चुकीचं नाही.

निकाल एका ओळीत देत नाही, बघा. 'तिथे खेळायची पद्धत होती का?' या एका तपशिलावर उत्तर फिरतं. अपघाताच्या नुकसानभरपाईचं काम करताना मी घटनास्थळाचा पंचनामा याच नजरेने वाचायला लागलोय.

रानजाई ताई, तुमचा प्रश्न मात्र उताऱ्यात नाही. तो तुमचा आहे आणि तो खरा आहे.

रानजाई
मला तेच बोचतंय. या धाग्यातली जवळजवळ सगळी उदाहरणं गुलामाच्या अंगावर रचलेली आहेत. काडी टेकवली ती त्याच्यावर, खोड विचारली ती त्याची, गळा कापला तो त्याचा. आणि ज्यांनी हे इतकं बारकाईने लिहिलं त्यांना ते दिसत नव्हतं का?

खडूफळा
दिसत होतं, आणि तेच जास्त अस्वस्थ करतं. डायजेस्टमध्ये फ्लोरेन्तिनुस या कायदेपंडिताची व्याख्या आहे: गुलामगिरी ही सर्व राष्ट्रांच्या कायद्यातली अशी व्यवस्था आहे जिच्यात निसर्गाविरुद्ध एक माणूस दुसऱ्याच्या मालकीखाली जातो. 'निसर्गाविरुद्ध' हे शब्द त्यांनी स्वतः लिहिले आणि व्यवस्था तशीच चालवली. वर्गात हा उतारा आला की मी पुढे जात नसे, तास संपेपर्यंत तिथेच थांबत असे.

स्त्रियांबद्दल गायसचंही असंच एक वाक्य आहे. प्रौढ स्त्रीला पालक लागतो याचं कारण म्हणून तिचं मन चंचल असतं, ती फसवली जाते असं सांगतात, पण ते कारण खरं असण्यापेक्षा वरवर पटणारं आहे असं तो लिहितो. प्रौढ स्त्रिया आपले व्यवहार स्वतःच करतात आणि पालकाची संमती कित्येकदा नावापुरती असते, असंही सांगतो. पाठ्यपुस्तकात, इ.स. १६१ च्या सुमारास.

रानजाई
हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं.

नाव_नंतर
थोडं अवांतर: गायसचं पुस्तक आपल्यापर्यंत कसं आलं हे कुणी लिहा ना.

खडूफळा
अवांतर मुळीच नाही. इतर ठिकाणच्या तुकड्यांवरून आणि जस्टिनियनने केलेल्या उपयोगावरून पुस्तक होतं हे माहीत होतं, मूळ मात्र हरवलेलं. १८१६ मध्ये नीबूर हा जर्मन इतिहासकार व्हेरोनाच्या चर्चच्या ग्रंथालयात गेला. तिथे संत जेरोमच्या पत्रांचं एक चर्मपत्रांचं हस्तलिखित होतं. चर्मपत्र महाग, म्हणून जुना मजकूर खरवडून त्यावर नवीन लिहायची पद्धत होती. त्या पत्रांच्या खाली पुसट अक्षरं दिसली. तोच गायस. काही पानं तर दोनदा खरवडलेली. अक्षरं वर यावीत म्हणून लावलेल्या रसायनांनी पुढे चर्मपत्राचं नुकसानही झालं.

वर ज्या काडीचं, ढेकळाचं आणि वेलीचं वर्णन आलं, ते त्या खरवडलेल्या पानांमुळे आपल्या हातात आहे. चौथा भाग आधी वाचा या सल्ल्याला म्हणूनच माझा दुजोरा. जस्टिनियनच्या काळापर्यंत ही जुनी पद्धत मेलेली होती, त्याच्या ग्रंथात ती सापडत नाही.

एका गोष्टीत मात्र धागाकर्त्याशी मतभेद. जस्टिनियन शेवटी ठेवा, पण टाळू नका. त्याने नेमलेल्या त्रिबोनियनच्या मंडळाने ५३० च्या डिसेंबरपासून तीन वर्षांत, सम्राटाच्या सांगण्यानुसार जवळजवळ दोन हजार पुस्तकांतून, पन्नास पुस्तकांचा डायजेस्ट तयार केला. तीस लाख ओळींच्या दीड लाख झाल्या. तो न्हावी आपल्याला भेटतो तो त्यामुळेच. आणि विद्यार्थ्यांसाठी पाच वर्षांचा अभ्यासक्रमही आखून दिला. पहिल्या वर्षाच्या मुलांना तोवर 'दुपोंदिई', म्हणजे दोन पैशांचे, असं हिणवत. सम्राटाने फर्मान काढून ते नाव बंद केलं आणि त्यांना स्वतःचं नाव दिलं, 'नवे जस्टिनियन'. बेरूतच्या विद्यापीठातली मुलं ते नाव लावून वर्गात बसली. ५५१ च्या भूकंपात ते शहर उद्ध्वस्त झालं.

दुसरे_वर्ष
सर, मी काल रात्री चौथा भाग सुरू केला. स्वतः एक सूत्र लिहून बघितलं. तपासाल का? प्रसंग: औलुसने नुमेरिउसला दहा हजार सेस्टर्स हातउसने दिले, परत मिळाले नाहीत. मध्ये दोन वर्षं गेली म्हणून व्याजाचे दोन हजार मी धरले.

'तितिउस न्यायाधीश असो. नुमेरिउस नेगिदिउसने औलुस आगेरिउसला बारा हजार सेस्टर्स द्यायला हवेत असं दिसलं, तर न्यायाधीशाने त्याला बारा हजारांची शिक्षा द्यावी. न दिसलं तर सोडावं.'

तालुका_कोर्ट
वाक्याची बांधणी अचूक आहे, शाब्बास. पण तुझ्या औलुसचे दहा हजारही बुडाले.

हातउसन्या पैशांवर आपोआप व्याज चढत नाही. त्यासाठी वेगळा तोंडी करार लागतो: 'देशील?' 'देईन.' तो तू प्रसंगात लिहिलेला नाही. म्हणजे देणं दहा हजारांचंच. न्यायाधीशासमोर प्रश्न एकच आहे, बारा हजार द्यायला हवेत का? नाहीत. मग 'न दिसलं तर सोडावं' हा भाग लागू होतो. त्याला दहा हजार मंजूर करून दोन हजार नामंजूर करायची मुभा नाही. आणि एकदा वाद त्याच्यापुढे गेला की तोच दावा पुन्हा लावता येत नाही. गायस चौथ्या भागातच सांगतो, जास्त मागितलं की सगळं जातं.

प्रसंगात व्याजाचा करार घाल आणि त्याचं सूत्र वेगळं लिही. दहा हजारांचं वेगळं. दोन्ही इथेच टाक.

दुसरे_वर्ष
लिहितोय सर. आधी प्रसंगात हे घालतो: 'पैसे मोजून देताना औलुसने विचारलं, वर्षाला शंभरावर दहा व्याज देशील? नुमेरिउस म्हणाला, देईन.'

खडूफळा
दर तपासून घे. शंभरावर वर्षाला बारा ही त्यांची वरची मर्यादा होती, तू तिच्या आत आहेस. आता सूत्र लिही.